व्यवसाय : समाजसेवा

इंदूरला राजवाड्याकडून नगर निगमच्या मुख्यालयाकडे पायी निघालात, की वाटेत कृष्णपुरा लागतो. म्हणजे एका टोकाला जुने राजे, दुसऱ्या टोकाला नवे राजे आणि मधोमध आम्ही. आमच्या पुलाखालून कान्ह नदी जाते आणि पुलावरून दिवसभर निगममध्ये काम अडलेली माणसं जातात. कुणाच्या हातात संपत्ती कराची पावती, कुणाच्या हातात घराचा नकाशा, कुणाच्या हातात आजोबांच्या नावातली चूक दुरुस्त करायचा अर्ज. त्यामुळे राजकारणी लोकांविषयी मत असणं ही आमच्याकडे आवड नाही, रहिवासाची अट आहे.

पुलाला लागून होळकरांच्या छत्र्या आहेत. त्यांतली एक दुसऱ्या तुकोजीराव महाराजांची. हे १८४४ साली गादीवर आले आणि १८८६ पर्यंत राहिले. मधल्या काळात त्यांनी इंदुरात कापडाची गिरणी काढली. इंग्रजांना खंडवा-इंदूर रेल्वे हवी होती, तर त्यासाठी एक कोटी रुपये काढून दिले. दान नव्हे, कर्ज. साडेचार टक्के व्याज, मुदत एकशे एक वर्षं. आपण ज्या सरकारचे मांडलिक, त्याच सरकारला व्याजानं पैसे द्यायचे, हे फक्त इंदुरी माणसाला सुचू शकतं. रेसिडेंटसाहेब भेटीला आले की समोर महाराज बसलेत की सावकार, हे त्यांना धड कळत नसणार. कुणी महाराजांना विचारलं नाही, की हुजूर, आपण पूर्णवेळ महाराज का नाही?

हा प्रश्न आता आमच्या धाकट्या भावोजींनी विचारायला घेतला आहे. तुकोजीरावांना नव्हे, सगळ्या निवडून आलेल्या लोकांना. भावोजींनी आयुष्यभर जिल्हा कोर्टात वकिली केली आणि आता निवृत्त आहेत. वकील निवृत्त होतो म्हणजे त्याची फी बंद होते, युक्तिवाद चालूच राहतो. सकाळी पोह्यांच्या दुकानासमोर उभं राहून ते जिरावण भुरभुरवत सांगतात, ‘‘अहो वहिनी, सांसद काय नि विधायक काय, ही चोवीस तासांची कामं आहेत. पगार घेता ना? मग बाकीची दुकानं बंद करा.’’ शेजारचे दोन-तीन भिया लोक मान डोलावतात. भावोजी पोह्यांचे पैसे देणार असतील तर चार-पाच.

मला हे पटायला हवं. मी बँकेतून निवृत्त झाले, आणि बँकेत नियमच होता, की कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. एका दिवाळीत मी शाखेतल्या लोकांना चकल्या करून दिल्या, अर्थात पैसे घेऊन. दोन दिवसांनी हेड कॅशियर मला रेकॉर्ड रूममध्ये घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मॅडम, हे आउटसाइड एम्प्लॉयमेंटमध्ये येतं.’’ हे म्हणताना त्यांच्या तोंडात माझीच चकली होती. पुढल्या वर्षीपासून चकल्यांचा व्यवसाय मी जाऊबाईंच्या नावावर केला. भाजणी माझी, सोऱ्या माझा, नाव त्यांचं.

पुष्कळ वर्षांनी मंत्र्यांसाठी केंद्र सरकारची जी आचारसंहिता आहे तिच्याबद्दल वाचलं, तेव्हा मी चाट पडले. मंत्री झालेल्या माणसानं आपल्या धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यायचं, मालकी ठेवली तरी चालेल. कारभार घरातल्याच एखाद्या सज्ञान माणसाकडे सोपवायचा, फक्त नवऱ्यानं बायकोकडे किंवा बायकोनं नवऱ्याकडे नाही. म्हणजे चिरंजीव चालतील, पुतण्या चालेल, जाऊबाई चालतील. शपथ न घेता मी वर्षानुवर्षं केंद्रीय मंत्र्यांची आचारसंहिता पाळत होते.

भावोजींच्या म्हणण्यात मोठी अडचण आहे ती सर्वोच्च न्यायालयाची. खासदार-आमदारांना वकिली करायला बंदी घाला अशी एक याचिका तिथे गेली होती. आधार भक्कम वाटत होता: बार कौन्सिलचा नियमच आहे, की पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. २५ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, खासदार पगार घेतो हे खरं, पण म्हणून तो कुणाचा नोकर होत नाही. मालक आणि नोकर असं नातंच तिथे नाही. तेव्हा वकिली चालू द्या. कपिल सिब्बल, अभिषेक सिंघवी, आमच्या मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेलेले जबलपूरचे विवेक तनखा, सगळे सुटले. भावोजींना हा निकाल मी वाचून दाखवला तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘निकाल लॉमध्ये बरोबर आहे.’’ वकिलाचं हे मला आवडतं. हरला तरी निकालावर शेरा तोच मारतो.

पण ह्याच न्यायालयानं १९९६ मध्ये काय केलं होतं? मुंबईतल्या एका शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरकी न सोडता वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलनं नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानंही नाही म्हटलं. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा पेशा आहे, दोन्ही एकदम जमायचं नाही. म्हणजे एका रोग्याच्या पोटात हात घालणाऱ्याला वकिलीसाठी वेळ नसतो आणि एकशेचाळीस कोटींच्या कारभारात हात घालणाऱ्याला असतो. संसद किती दिवस भरते ते पाहिलं तर हेही अगदी खोटं नाही.

मुळात हे लोक आहेत कोण, हेच आपल्याकडे ठरायला वेळ लागला. बॅरिस्टर अंतुल्यांच्या खटल्यात १९८४ साली पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे आमदार हा लोकसेवक नाही. १९९८ मध्ये नरसिंह रावांच्या खटल्यात सांगितलं, की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरता खासदार लोकसेवक आहे. दोन्ही निकालांना आपापली कारणं आहेत, पण आमच्यासारख्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला, की हे गृहस्थ नोकर नाहीत, मालक तर मतदार आहेत असं म्हणतात, आणि सेवक आहेत ते फक्त पकडले गेल्यावर.

पगाराचंही असंच. १९५४ साली खासदारांच्या पगाराचा कायदा झाला तेव्हा महिना ४०० रुपये आणि बैठकीच्या दिवशी २१ रुपये भत्ता ठरला. त्यात दिल्लीत राहून गावाकडचं घर चालवायचं म्हणजे वकिली नाहीतर शेती हवीच होती. आता महिन्याला १ लाख २४ हजार, दिवसाचा भत्ता अडीच हजार. ही वाढ मार्च २०२५ मध्ये जाहीर झाली आणि लागू १ एप्रिल २०२३ पासून. एवढ्या एका बाबतीत मला खासदार अगदी आपले वाटतात. त्यांनाही एरियर्स मिळतात.

आता गंमत बघा. कायद्याला बाहेरच्या कमाईची काळजी नाही, पण सरकारनंच दिलेल्या दुसऱ्या खुर्चीची मात्र भयंकर धास्ती आहे. घटनेचं कलम १०२ म्हणतं, की खासदारानं सरकारकडचं लाभाचं पद घेतलं तर खासदारकी जाईल. २००६ मध्ये जया बच्चन यांची अशीच गेली. त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षा होत्या. मी तर त्या पदाचा पैसा घेतला नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, घेतला की नाही हा सवाल नाही, घेता येत होता एवढं पुरे. त्याच वर्षी ह्याच वादात सोनिया गांधींनी राजीनामा दिला आणि रायबरेलीतून पुन्हा निवडून आल्या. मग सगळ्या पक्षांना आपापली माणसं आठवली. पन्नासहून जास्त पदांना सूट देणारं विधेयक आलं. राष्ट्रपती कलाम यांनी ते परत पाठवलं. संसदेनं ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, आणि लागू केलं १९५९ पासून! सत्तेचाळीस वर्षं मागे जाऊन गुन्हा पुसायचा म्हणजे काय, ते आमच्या निगमच्या जन्म-मृत्यू विभागानं शिकून घ्यावं. तिथे आजोबांचं नावसुद्धा मागे जाऊन दुरुस्त होत नाही.

ह्या लाभाच्या पदाचं आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना अगदी घरचं उदाहरण आहे. कृष्णमुरारी मोघे २००४ मध्ये खरगोनहून लोकसभेवर गेले. लाभाच्या पदावरून त्यांची खासदारकी रद्द झाली आणि २००७ च्या पोटनिवडणुकीत ती जागा काँग्रेसच्या अरुण यादवांकडे गेली. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. दोनेक वर्षांत इंदूरकरांनी मोघेसाहेबांना महापौर केलं. दिल्लीनं ज्यांना दुसऱ्या खुर्चीपायी पहिलीवरून उठवलं, त्यांना आम्ही तिसरी दिली. पाहुणा उभा राहिलेला आमच्याकडे बघवत नाही.

खरं तर एकावर एक खुर्ची ह्या विषयात आमचं शहर जुनं जाणतं आहे. कैलाश विजयवर्गीय २००० ते २००५ महापौर होते आणि त्याच वेळी आमदारही होते. मालिनी गौड २०१५ पासून पाच वर्षं महापौर आणि आमदारही. आणि त्यांच्याच काळात, २०१७ मध्ये, इंदूर देशात सर्वांत स्वच्छ शहर ठरलं आणि मग ठरतच राहिलं. त्यामुळे ‘दोन कामं घेतली की एकही धड होत नाही’ हा भावोजींचा मुद्दा आमच्या कचरागाडीनं रोज सकाळी गाणं वाजवत खोडून काढला. २०२२ मध्ये भाजपनं ठरवलं, की आमदाराला महापौरकीचं तिकीट नाही. त्यांनी पुष्यमित्र भार्गव उभे केले, ते हायकोर्टात राज्याचे अतिरिक्त महाधिवक्ता होते, ते पद सोडून आले. काँग्रेसनं संजय शुक्ला उभे केले, ते विधायक होते, आणि विधायक राहूनच उभे राहिले. म्हणजे एक जण नोकरी सोडून आला होता आणि दुसरा नोकरीला जोडून दुसरी मागत होता. इंदूरनं पहिल्याला निवडलं. ह्यात तत्त्व किती आणि कमळ किती, हे मला विचारू नका.

दुसऱ्या खुर्चीचा सर्वांत देखणा सामना मात्र होळकर स्टेडियमवाल्या क्रिकेट संघटनेत झाला. २०१० साली मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी दोघं समोरासमोर उभे राहिले. एक ज्योतिरादित्य शिंदे, तेव्हा केंद्रात वाणिज्य आणि उद्योग खात्याचे राज्यमंत्री. दुसरे विजयवर्गीय, तेव्हा राज्याचे उद्योगमंत्री. देशाचा आणि राज्याचा उद्योग सोडून दोघं क्रिकेटच्या उद्योगाला लागले. वर ग्वाल्हेर विरुद्ध इंदूर, शिंदे विरुद्ध होळकरांचं गाव. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळापासूनचे हिशेब निघाले. शिंदे जिंकले. २०१२ मध्ये पुन्हा तीच जोडी, पुन्हा शिंदे. त्या दिवसांत राज्यात उद्योग किती आले ते ठाऊक नाही, पण क्रिकेटच्या निवडणुकीत मतदारयादी पाठ असलेले लोक मी आमच्या पुलावर पाहिले आहेत.

ह्या खेळातले आचार्य अर्थातच शरद पवार. कृषिमंत्री असताना क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झाले, आणि २०१० च्या जुलैत जगाच्या क्रिकेटचे. त्याच महिन्यात त्यांनी पंतप्रधान मनमोहन सिंगांना विनंती केली, की माझ्यावरचं खात्यांचं ओझं जरा हलकं करा. लक्षात घ्या, क्रिकेटचं नाही, खात्यांचं. कृषी, अन्न, ग्राहक एवढं सगळं एका माणसाला झेपत नाही, हे त्यांना आयसीसीच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसलं. माझ्या हेड कॅशियरांकडे मी असं म्हटलं असतं, की चकल्यांच्या ऑर्डरी वाढल्यात, तेव्हा माझ्याकडचं पेन्शनचं काउंटर काढून घ्या, तर? नंतर न्यायमूर्ती लोढा समितीमुळे मंत्र्यांना क्रिकेटच्या खुर्च्यांवरून उठावं लागलं. तेव्हा घरोघरचे चिरंजीव मोठे झालेले होते, त्यामुळे फार अडलं नाही.

नटांची गोष्ट वेगळी. डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरहून निवडून आले तेव्हा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालू होती आणि पुढल्या फेब्रुवारीपर्यंत चालली. शिरूरकरांसारखे भाग्यवान मतदार कुठे मिळतील? खासदार दिसत नाही ही साऱ्या देशाची तक्रार, आणि ह्यांचा खासदार रोज रात्री दिवाणखान्यात येत होता. तलवार घेऊन. पुढे अजित पवारांनी जाहीर सांगून टाकलं, की हे दोन वर्षांतच राजीनामा द्यायला निघाले होते, अभिनयावर परिणाम होतोय म्हणत होते. लोकांनी ते ऐकलं आणि २०२४ मध्ये कोल्ह्यांना पुन्हा निवडून दिलं. सचिन तेंडुलकर राज्यसभेवर गेला तेव्हा अजून कसोटी खेळत होता. पण तो आणि आमच्या इंदुरात जन्मलेल्या लतादीदी नेमलेले सदस्य. दोघांची हजेरी कमी म्हणून ओरड झाली. मला विचाराल तर लता मंगेशकरांना सभागृहात बसवून प्रश्नोत्तराचा तास ऐकायला लावणं हाच एक गुन्हा होता.

आणि ही गोष्ट आजची नाहीच. टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले, तेव्हा दोन वर्तमानपत्रं चालवत होते, कायद्याचा क्लास घेत होते, आणि लातूरला त्यांची कापसाच्या जिनिंगची भागीदारी होती. गोखले मात्र १९०२ मध्ये फर्ग्युसन सोडूनच मोठ्या कौन्सिलवर गेले. दोघांचं कशावरच पटत नव्हतं, ह्यावरही नाही. साहेबांच्या देशातही काही वेगळं नाही. बोरिस जॉन्सन लंडनचे महापौर असताना वर्तमानपत्रात सदर लिहायचे, त्याचे वर्षाला अडीच लाख पौंड मिळायचे, आणि ती रक्कम त्यांनी २००९ मध्ये चिल्लर म्हणून झटकून टाकली. अमेरिकेत काँग्रेस सदस्यांच्या बाहेरच्या कमाईला मर्यादा आहे, आणि पैसे घेऊन वकिली तर बंदच. आपल्या राज्यसभेत निदान एक नोंदवही आहे, तिच्यात सदस्यांनी आपले धंदे, सल्लागारीचे पैसे, कंपन्यांतले वाटे लिहायचे असतात. लोकसभेत तेवढीही वही नाही. लोकांनी थेट निवडून दिलेल्यांना सवलत.

इथवर आले की भावोजी म्हणतात, ‘‘मग तुमचं म्हणणं तरी काय?’’

माझं म्हणणं आमच्या एका जुन्या पार्षदामुळे झालं आहे. (इंदुरात नगरसेवक नसतात, पार्षद असतात.) ह्यांची पिठाची चक्की होती. डबा घेऊन गेलं की पट्ट्याच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे माझी तक्रार साऱ्या रांगेला कळायची आणि रांगेची मला. ‘‘भैया, नळाला गढूळ पाणी येतंय!’’ ‘‘केव्हापासून?’’ ‘‘परवापासून!’’ मागची बाई ओरडायची, ‘‘आमच्याकडे सोमवारपासून!’’ ते एका हातानं गहू सोडत दुसऱ्या हातानं निगमला फोन लावायचे. भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. रहिवासाच्या दाखल्यावर सही केली तर कागदावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटायचा, आणि झटकला की उडून जायचा. काम नाही झालं तर रांगेतली आजी तोंडावर सांगायची, ‘‘मागच्या वेळी पीठ जाडं निघालं होतं आणि गटारही तुंबलेलंच आहे.’’ दोन्ही तक्रारी एकाच काउंटरवर. ते निवडणूक जिंकले तेव्हा चक्की होती आणि हरले तेव्हाही चक्की होती. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, तर दळणाचा भाव तोच होता आणि तोंड फक्त थोडं उतरलेलं.

त्यांच्यानंतर पुष्कळ पार्षद आले. कुणाचं काचेचं ऑफिस, कुणाच्या दारात पांढरी मोठी गाडी, फलकावर हात जोडलेला फोटो आणि वाढदिवसाला चौकभर होर्डिंग. ते काय करतात, असं विचारलं तर लोक म्हणतात, ‘‘पार्षद आहेत.’’ ते कळलं, पण करतात काय? हे कुणालाच सांगता येत नाही. निवडणुकीच्या शपथपत्रात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे ‘समाजसेवा’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पूर्ण आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलं, तेव्हा व्यवसाय ‘समाजसेवा’ आणि मालमत्तेत तीन प्लॉट, दोन गाड्या, पत्नीच्या नावे सोनं, असा अर्ज पुढे आला तर आमचे मॅनेजर काय म्हणाले असते? पहिला प्रश्न विचारला असता, की ह्या व्यवसायाला भांडवल किती लागतं? नाहीतर रकान्यात ‘शेती’ असतं. मालवा सुपीक आहे हे मला मान्य, पण काही जणांच्या शेताला निवडून आल्यावरच पाऊस लागतो. आणि शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हा आणखी एक ढगांचा गुण.

म्हणून मला दुकानवाला लोकप्रतिनिधी हवा. ज्याचं शटर कुठे आहे ते मला माहीत आहे, असा. ज्याची मिळकत दिसते त्याला कामातून वेळ कमी मिळेल, हे कबूल. पण ज्याला दुसरं कामच नाही तो चोवीस तास माझ्यासाठी झटतोय आणि गाडी मात्र दर दोन वर्षांनी बदलतेय, हे गणित मला सुटत नाही, आणि गणित सोडवून मी पगार घेतला आहे.

होळकरांनी ह्याची सोय फार आधी केली होती. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. तेव्हापासून खासगी वेगळी आणि दौलत वेगळी. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, त्याचा खर्च खासगीतून. फौजफाटा दौलतीतून. एका पिशवीतला रुपया दुसरीत जायचा नाही. आमच्या सुमित्राताई महाजन इंदूरहून आठ वेळा खासदार झाल्या. लोकसभेच्या अध्यक्ष असताना त्यांनी अहिल्याबाईंवर ‘मातोश्री’ नावाचं नाटक लिहिलं. तेही एका अर्थी बाहेरचं काम, पण अध्यक्षांनी नाटक लिहावं आणि सदस्यांनी ते करावं, अशी विभागणी होती म्हणून कुणी हरकत घेतली नसावी. माझं एवढंच मागणं, की दोन पिशव्या राहू द्या, फक्त त्या दिसतील अशा टांगा.

भावोजी ह्यावर म्हणाले, ‘‘दुकानवाल्याचं दुकान निगमच्या ठेक्यांवर चालायला लागलं तर?’’ हा मुद्दा मात्र खरा आहे. निगमच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध त्याला पार्षद होता येत नाही, असं कायदा सांगतो. त्यामुळे ठेका साडूच्या नावावर असतो. साडू हा आपल्या लोकशाहीचा न दिसणारा खांब आहे. घटनाकारांनी कुठल्याच अनुसूचीत त्याची नोंद केली नाही, हे आश्चर्यच.

आणि पार्षदपती? मध्य प्रदेशात शहरी निवडणुकांत निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे इंदूरच्या ८५ वॉर्डांपैकी जवळपास अर्धे. पुष्कळ जणी खरोखर कामं करतात, उत्तम करतात. पण काही वॉर्डांत निवडून येते ती, सही करते ती, आणि पार्षदकी करतो तो. फलकावर तिच्या फोटोपेक्षा त्याचा मोठा. त्याला कुणी मत दिलेलं नाही, शपथ दिलेली नाही, मानधनही नाही. तो फक्त बायकोच्या नोकरीवर कामाला जातो. ह्याला बाहेरचं काम म्हणायचं की घरचं, हे भावोजींनाही ठरवता आलेलं नाही. त्यांनी दोन दिवस मागितले आहेत.

आता हा विषय आमच्या घरात आला आहे, कारण आमच्या भाचेसुनेच्या मनात पार्षदाच्या तिकिटाचं आलं आहे. तिचं ब्युटी पार्लर आहे, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका तिच्याकडे येतात, आणि आरशासमोर डोकं मागे टाकून बसलेली बाई घरातलं जे सांगते ते कुठल्याही सर्व्हेत मिळत नाही. पक्षाचे एक भाऊसाहेब घरी येऊन गेले. चहा घेता घेता त्यांनी सल्ला दिला, ‘‘फॉर्मवर व्यवसाय समाजसेवा लिहा. पार्लर बरं दिसत नाही.’’

‘‘का बरं? कर भरते मी त्याचा,’’ ती म्हणाली.

‘‘तसं नाही, पण इमेज...’’

भाऊसाहेब गेल्यावर तिनं भावोजींना विचारलं, ‘‘छोटे मामा, निवडून आले तर पार्लर बंद करावं लागेल का?’’

भावोजींनी घसा साफ केला. चोवीस तासांची कामं, पगार, दुकानं, सगळं ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘कायद्यात तशी तरतूद नाही.’’

‘‘आणि पार्षदाला मानधन किती मिळतं?’’

भावोजींनी आकडा सांगितला. तिनं मनातल्या मनात काही हिशेब केला.

‘‘एवढं तर माझं लग्नसराईत एका आठवड्यात होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मग असं करू. मंगळवारी पार्लर बंद असतं. मंगळवारी पार्षदकी.’’

‘‘आणि तुझे हे?’’ भाच्याकडे बोट दाखवत मी विचारलं. तो खुर्चीत जरा पुढे सरकून बसला होता.

‘‘त्यांना पार्लरमध्ये बसवते. गल्ल्यावर.’’